हुदैदाला दिलेली

पाहुण्यानं फक्त चहा कधी येणार एवढंच विचारलं होतं, आणि शाइफ म्हणाला, “दहीन.” म्हणजे आत्ता. शब्द साधाच, पण तो सनामधला ‘आत्ता’ नव्हता. सनात, यमनच्या राजधानीत, ज़लहीन म्हणतात. शाइफच्या ताइज़कडच्या गावात तेच म्हणतात, मंत्रालयातल्या शिपायापासून सचिवापर्यंत सगळे तेच म्हणतात, आणि शाइफनंही चौदाव्या वर्षी जिभेला मारून मुटकून तेच वळण लावून घेतलं होतं. दहीन सीमेपलीकडच्या जेद्दाचा. इतक्या वर्षांत झोपेतसुद्धा तो शब्द त्याच्या तोंडून निघाला नव्हता, आणि आज हॉटेलातल्या त्या लांबलचक टेबलाच्या टोकाला, भिंतीलगतच्या खुर्चीवर बैठकीचं इतिवृत्त लिहिता लिहिता, एखाद्यानं गर्दीत मागून हाक मारावी तसा तो आपण होऊन बाहेर आला. पाहुणा वळला. सीमेपलीकडून आलेल्या शिष्टमंडळातला हा सगळ्यात तरुण माणूस, नाव हत्तान. सकाळपासून तो घड्याळाकडं बघत बसला होता.

“तुम्ही जेद्दाचे का?”

“नाही. ताइज़कडचा.”

“मग हे दहीन कुठून आणलंत? आणि असं लांबवून? असं माझे आजोबा बोलायचे.” तो हसला. “आता जेद्दात असं कुणी बोलत नाही.”

शाइफनं मान खाली घातली आणि लिहू लागला. टेबलावर आकड्यांचं बोलणं चाललं होतं. आपल्या किती सुतारांना, किती वेल्डरना, किती नळकाम करणाऱ्यांना तिकडं घेता येईल. ते घरी किती पैसा पाठवतील. त्या पैशावर आपल्या रियालचा भाव किती दिवस तग धरेल. सचिवसाहेब म्हणाले, “आमच्याकडून बाहेर जातं काय, तर तेल, मासे आणि माणसं. तेल आटत चाललंय.” सगळे हसले. शाइफनं ते वाक्य लिहिलं आणि खोडलं. पेन चालत होतं, पण कान मागेच राहिले होते. आता जेद्दात असं कुणी बोलत नाही. मग आपण बोललो ते कुठलं? त्याला वाटलं, ज्या घरात आपण मनातल्या मनात रोज जाऊन येतो ते पाडून कित्येक वर्षं झाली, असं कुणी तरी सहज चहाबरोबर सांगून गेलं.

त्या घरात जायला त्याला डोळे मिटावे लागत नसत. फाइलींच्या खोलीत, बसच्या रांगेत, दाढी करताना, कुठूनही जाता येई. खाली वडिलांचं मुतब्बकचं दुकान, वर दोन खोल्या. वडील, काइद, तेलाच्या हातानं कणकेचा गोळा उचलायचे, हवेत फिरवायचे, आणि बघता बघता त्याची पातळ, आरपार दिसणारी चादर व्हायची. मग ती तव्यावर अंथरून त्यात अंडं, खिमा, कांद्याची पात, आणि चारी बाजूंनी घडी. धाकटी नजात रोज संध्याकाळी बरोबर त्या उडत्या कणकेखाली जाऊन उभी राहायची आणि डोळे गच्च मिटून म्हणायची, “अब्बा, माझ्यावर टाक.” वडील म्हणायचे, “टाकली असती गं, पण मग तुला घडी घालून तव्यावर ठेवावं लागेल.” समोरच्या बाकावर बसलेला सिराजकाका हसायचा. सिराजकाका जेद्दाचाच, पिढ्यान्‌पिढ्यांचा. समोरच त्याचं कापडाचं दुकान होतं. पण दुपारची नमाज झाली की तो स्वतःचं दुकान सोडून वडिलांच्या बाकावर येऊन बसे, आणि शेजारच्या खिडक्यांच्या लाकडी जाळ्यांतून बायका त्याला चिडवत, “सिराज, तुझं गिऱ्हाईक आलंय, काइदला विचारून जा.” समुद्राकडून दमट वारा यायचा आणि सगळ्या गल्लीला तळलेल्या पातीचा वास लागायचा. शुक्रवारी वडील टेपरेकॉर्डर पुढ्यात घेऊन गावाकडं आजोबांसाठी कॅसेट भरायचे. घरात कुणी हलायचं नाही. ‘आम्ही सगळे सुखरूप आहोत, पैसे ड्रायव्हर हमूदजवळ दिलेत, वरच्या मजल्याला दगड डोंगरातलाच वापरा,’ असं ते खाकरत, थांबत बोलायचे. शेवटी नजात गाणं म्हणायची, आणि ते कधीच पूर्ण व्हायचं नाही, कारण मधेच ती विचारायची, “आजोबा, ऐकू येतंय का?” आणि उत्तराची वाट बघत बसायची. गावातलं प्रत्येक घर असंच वाढत गेलं. खालचा मजला पणजोबांचा, वरचा जेद्दाचा.

बैठक संपली तेव्हा त्याच्या विभागाचे प्रमुख, उस्ताद मुतह्हर, जिन्यावर गाठ पडल्यासारखे थांबले. खरं तर ते वाटच बघत होते.

“उद्या सचिवांच्या घरी जेवण आहे. तू येतोयस.”

“मी? मी इतिवृत्त लिहितो, साहेब.”

“इतिवृत्त कुणीही लिहील. अरे, सहा महिने आम्ही आकडे घासतोय. तो पोरगा सकाळपासून मयताला बसल्यासारखा बसला होता, आणि तुझ्या एका शब्दावर हसला. जेद्दात किती वर्षं होतास?”

“जन्म तिथला.”

“आणि इतकी वर्षं माझ्या खात्यात बसून हे मला सांगितलं नाहीस?”

“कुणी विचारलं नाही.”

“मी आता विचारतोय. उद्या पाहुण्यांच्या शेजारी बसायचं. तिथले दिवस सांगायचे. छान छान. रडगाणं नको. त्यांना वाटलं पाहिजे की आपली माणसं तिकडं गेली तर घरी परतल्यासारखी जातील.”

घरी परतल्यासारखी. शाइफ चालत निघाला. क़ातच्या बाजारात दुपारची गर्दी होती, गालात धरून चघळायच्या त्या पानांच्या जुड्या ओल्या फडक्यातून बाहेर डोकावत होत्या. याच बाजारात, पहिल्या वर्षी, तो सनातल्यांसारखं बोलायला शिकला होता. शाळेत पोरं त्याला घेरायची. “बोल ना रे, बोल एकदा दहीन. बोल, जेद्दाच्या शेखा.” तो बोलायचा नाही. शाळा सुटली की इथं येऊन विक्रेत्यांच्या मागं उभा राहायचा, त्यांची भांडणं, शिव्या, शपथा ऐकायचा आणि रात्री उशीत तोंड खुपसून म्हणून बघायचा. वर्षभरात कुणालाही ओळखू आलं नसतं. फक्त आई बदलली नाही. तिनं बोलणंच कमी केलं.

दुसऱ्या दिवशी सचिवांच्या घरी वरच्या दिवाणखान्यात भिंतीलगत गाद्या होत्या आणि रंगीत काचांतून ऊन गालिच्यावर पडलं होतं. दगडी भांड्यात उकळतं सल्ता, मटणाचा दाट रस्सा, आलं, मधात भिजलेल्या पोळ्यांचे थर आले. पाहुण्यांत हत्तानशिवाय एक म्हातारे गृहस्थ होते, पांढऱ्या दाढीचे, कमी बोलणारे. त्यांच्या सहीवर सगळं अडलेलं होतं. जेवण झालं, यजमानांनी पानं गालात धरली, पाहुण्यांनी नम्रपणे नको म्हटलं, आणि सचिव म्हणाले, “हा आमचा शाइफ. तुमच्याच गल्लीत वाढलाय. सांग रे, शाइफ.”

सुरुवातीला जीभ अडखळली. मग अडखळली नाही. त्याला स्वतःचंच नवल वाटलं. शब्द जसेच्या तसे होते, कुणी तरी रोज पुसून ठेवल्यासारखे. गल्लीतला पाणीवाला कसा ओरडायचा, रमज़ानात मुतब्बकसाठी रांग कशी मशिदीपर्यंत जायची, केळ्याचं मुतब्बक खाऊन सिराजकाका बायकोला ‘मी काही खाल्लं नाही’ असं मिशीला साखर लागलेली असताना कसं सांगायचा. हत्तान पोट धरून हसला. म्हातारे पाहुणे पुढं सरकून बसले. “पुन्हा म्हणा,” ते म्हणाले, “तो पाणीवाला पुन्हा म्हणा.” शाइफनं पुन्हा म्हटलं. त्यांनी डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं डोळे टिपले. उस्ताद मुतह्हर लांबून मान हलवत होते, वाढ, अजून वाढ, अशी. आणि शाइफला सुख होत होतं, नाकारण्यात अर्थ नव्हता. इतक्या वर्षांनी तोंडाला स्वतःची चव आली होती. त्यानं उडत्या कणकेखाली डोळे मिटून उभी राहणारी नजात सांगितली. ‘अब्बा, माझ्यावर टाक.’ तिचाच आवाज काढला. सगळी खोली हसली.

आणि मग वर्ष नव्वद आलं, म्हणजे त्याच्या मनात आलं. खोलीत ते आलंच नाही. दूर कुठल्या सभागृहात, एका युद्धाच्या प्रश्नावर, यमनच्या माणसानं इथल्या सरकारला हवा होता तो हात वर केला नाही, एवढंच तेव्हा गल्लीला समजलं होतं. वडिलांनी टीव्हीवर तो न उचललेला हात बघितला आणि पुन्हा कणीक मळायला घेतली. पुढं फर्मान आलं: यमनी माणसाला आजवर इथं मोकळेपणानं राहता येत होतं, आता प्रत्येकानं इथल्या कुणाच्या तरी नावावर राहायचं, नाही तर जायचं. सिराजकाका त्याच संध्याकाळी बाकावर येऊन बसला. “काइद, माझ्या नावावर राहा. कागदावर काय लिहिलंय ते मला नि तुला ठाऊक असलं म्हणजे झालं.” वडील तव्याकडं बघत होते. “सिराज, इतकी वर्षं तू माझ्या बाकावर बसतोस.” “मग?” “मग उद्यापासून बाक कुणाचा?” सिराजकाका उठून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. आठवड्याभरात ट्रक भरला, त्यात गाद्या, टेपरेकॉर्डर, मोठा फ्रिज. निघताना सिराजकाका दुकानाच्या दारात उभा होता, पण रस्ता ओलांडून आला नाही. शाइफला तो रस्ता अजून दिसे. तेवढा अरुंद रस्ता दोघांपैकी एकानं ओलांडायला काय हरकत होती?

सीमा ओलांडून यमनच्या किनाऱ्यावर आले, तर हुदैदाबाहेर वाळूत परतलेल्यांचे तंबू होते, नजर पोचेल तिथवर. वीज नव्हती, म्हणून फ्रिजमध्ये आई भांडी ठेवायची. नजातनं खालचा कप्पा मागून घेतला होता आणि त्यात आपली बाहुली, वह्या, जेद्दाहून आणलेल्या शिंपल्या ठेवल्या होत्या. दिवसा ती फ्रिजच्या दाराला पाठ टेकून बसायची आणि म्हणायची, “अजून थोडा थोडा गार आहे.” कुणी तिला नाही म्हटलं नाही. मग ताप आला. तिथं सगळ्यांच्याच पोरांना ताप होता.

“आणि ती धाकटी?” म्हातारे पाहुणे विचारत होते. “कणकेखाली उभी राहणारी? आता चांगली मोठी झाली असेल.”

शाइफनं त्यांच्याकडं बघितलं. प्रेमळ चेहरा होता. उस्ताद मुतह्हरांची मान हलायची थांबली होती.

“हो,” तो म्हणाला. “लग्न झालं तिचं. हुदैदाला दिली.”

“माशाल्ला. समुद्राची पोरगी समुद्रालाच दिलीत. बरं केलंत.”

पुढचं त्याला नीट आठवत नव्हतं. निघताना हत्ताननं जिन्यात त्याचा हात धरला. जेद्दात त्याच्या काकांचं माणसं नेणारं कार्यालय होतं. तिथं दोन्हीकडची भाषा जाणणारा माणूस हवा होता. पगार त्यानं सांगितला, आणि शाइफनं तो आकडा पुन्हा विचारला. “कागद पाठवा. बाकी मी बघतो. तुम्ही माझ्या नावावर या.” मुतह्हर मागून येत होते. त्यांनी शाइफच्या पाठीवर थाप मारली. “जा रे बाबा. आमचं जमेल न जमेल, तुझं तरी जमलं.”

घरी बायको इब्तिहाल चुलीपाशी होती. त्यानं तिला नोकरीचं सांगितलं. तिनं हातातलं पीठ झटकलं. “जा म्हणत नाही आणि नको जाऊ म्हणत नाही,” ती म्हणाली. “पण भाडं मागायला आलेल्या घरमालकाला काल काय उत्तर दिलं ते मला विचारू नकोस.” मग तो आईच्या खोलीत गेला. आई, तकिय्या, खिडकीत बसून कोथिंबीर निवडत होती. तो तिच्या बाजूला बसला आणि स्वतःला न विचारताच जेद्दाच्या बोलीत म्हणाला, “यम्मा, आज मी त्यांना आपली गल्ली सांगितली.”

आईचे हात थांबले. या बोलीत तो तिच्याशी बोलला नव्हता त्याला किती तरी वर्षं झाली होती. तिनंही त्याच बोलीत विचारलं, “कुणाला?”

“जेद्दाहून पाहुणे आलेत. सरकारचे.”

“काय सांगितलंस?”

“मुतब्बकचं. सिराजकाकाच्या मिशीचं. पाणीवाल्याचं.”

“सगळं गोडच सांगितलंस.” ती पुन्हा कोथिंबीर निवडू लागली. “नजातचं सांगितलंस?”

“सांगितलं. कणकेखाली उभी राहायची ते.”

“आणि?”

त्याला खोटं बोलता आलं असतं. “त्यांनी विचारलं, आता कुठं असते. मी म्हटलं, लग्न झालं. हुदैदाला दिली.”

आई रागावेल, रडेल, निदान तोंड फिरवेल असं त्याला वाटलं. तिनं एक पिवळं पान बाजूला ठेवलं.

“मुलं किती सांगितलीस?”

“विचारलं नाही त्यांनी.”

“दोन तरी असती,” आई म्हणाली. मग, जुडी टोपलीत ठेवून, ओढणीनं हात पुसत म्हणाली, “मला हुदैदाला ने.”

त्या आठवड्यात तो जेद्दाला जायचंच, असं ठरवून दोनदा उठला आणि दोनदा बसला. पगाराचा आकडा डोक्यात गाण्यासारखा फिरत होता. गल्ली उरली नसली तरी समुद्र असेल, दमट वारा असेल. पण त्या गल्लीत शिरलं की कधी ना कधी ते पांढऱ्या दाढीचे गृहस्थ भेटतील आणि मायेनं विचारतील, बहीण कशी आहे? आणि त्याला दर खेपेला तिला आणखी थोडी वाढवावी लागेल: मुलं, नवरा, घर, मुलांची शाळा. त्या देशात आता नजातचं लग्न झालेलं होतं. तो तिथं राहायला गेला तर तिला कुठंही मरायला जागा उरली नसती. त्यानं हत्तानला फोन केला आणि आभार मानून नाही म्हणून सांगितलं. सनाच्या बोलीत सांगितलं. हत्तान म्हणाला, “घाई करू नका, दार उघडं आहे,” आणि ते त्यानं मनापासून म्हटलं असावं. करारावरही सह्या झाल्या नाहीत. पुढच्या बैठकीत बघू, असं ठरलं, आणि ते इतिवृत्त शाइफनंच लिहिलं. मुतह्हर त्याच्याशी काही दिवस बोलले नाहीत. इब्तिहालही दोन दिवस कमीच बोलली, पण तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं प्रवासाला म्हणून भाकरी आणि उकडलेली अंडी बांधून दिली.

डोंगर उतरताना आईनं बसची खिडकी उघडी ठेवायला लावली. प्रत्येक वळणाला हवा जड होत गेली, अंगावरचा शर्ट चिकटू लागला, आणि सपाटीला लागल्यावर मिठाचा वास आला. तंबूंच्या जागी आता वस्ती होती, पत्र्याची, विटांची, गोण्यांच्या भिंतींची. दुकानं होती, सायकली होत्या, दोरीवर कपडे वाळत होते. शाइफ रस्ता विचारायला एका टपरीशी थांबला, आणि टपरीवाला म्हणाला, “दहीन सांगतो, आधी हे एवढं गिऱ्हाईक बघू दे.” लांबवून. शाइफ तसाच उभा राहिला. आजूबाजूला सगळेच तसं बोलत होते. जे ट्रक भरून आले आणि पुढं कुठं जायला ज्यांना गावच उरलं नव्हतं ते इथंच राहिले होते, आणि त्यांची पोरं, जेद्दा कधी न बघितलेली, गल्लीत त्याच बोलीत एकमेकांना शिव्या देत होती. त्याला हसू आलं आणि पुढच्याच क्षणी रडू येईल असं वाटून तो उगाच टपरीवरची बिस्किटं बघू लागला. इथं कुणी तरी आपण होऊन त्याला पाणीवाल्याची आरोळी म्हणून दाखवली असती. कुणी त्याला ती म्हणायला लावली नसती.

कब्रस्तान वस्तीच्या कडेला होतं. राखणदार म्हातारा, डोळ्यानं अधू. त्यानं वर्ष विचारलं, हंगाम विचारला आणि काठीनं दाखवलं. “त्या थंडीतली पोरं त्या रांगेत आहेत. कोण कुठलं ते मला विचारू नका. दगड होते, वाळूनं खाल्ले.” रांग लांब होती. छोटे छोटे उंचवटे, काही तर उंचवटेही नव्हते, नुसती जमीन जराशी वेगळी. वडील इथं पुन्हा कधी आले नव्हते, आणि त्यांनी कुणाला आणलंही नव्हतं. सनात येऊन त्यांनी एका हॉटेलात भांडी घासली, मुतब्बक कधी केलं नाही, आणि चार वर्षांत गेले. शाइफ एकेका उंचवट्यापाशी थांबू लागला, काही आठवतं का बघू लागला. आठवत होता फक्त फ्रिज.

आई त्याच्या मागं आली नाही. कब्रस्तानाच्या भिंतीला लागून एक घर होतं. दारात एक बाई बसून मासे साफ करत होती. आई तिच्या दाराशी सावलीला टेकली होती. शाइफ परत वळला तेव्हा त्याच्या कानावर आलं.

“उन्हाचं कुठून आलात, खाला?” बाई विचारत होती. “कुणाकडं?”

“मुलीकडं,” आई म्हणाली.

“इथंच दिलीय का?”

“इथंच.”

बाईनं आईकडं बघितलं, आईच्या मागं कब्रस्तानाच्या भिंतीकडं बघितलं. तिनं हात धुतले, आत गेली आणि मातीच्या घागरीतलं गार पाणी घेऊन आली. आईनं ते पूर्ण प्यायलं. “गार आहे गं,” ती म्हणाली. “अजून देतेस? घागरच दे. आणते परत.”

घागर शाइफ उचलायला गेला तर तिनं उचलू दिली नाही. कमरेवर घेऊन ती फाटकातून आत आली, रांगेच्या टोकाला वाकली आणि पहिल्या उंचवट्यावर थोडं पाणी ओतलं. मग दुसऱ्यावर. पाणी वाळूत मुरायच्या आत ती पुढं सरकत होती, प्रत्येकाला सारखंच, कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही, आणि जेद्दाच्या बोलीत हळूहळू काही तरी म्हणत होती. अर्ध्या रांगेवर घागर रिकामी झाली. तिनं ती उलटी करून बघितली आणि शाइफच्या हातात दिली.

“आण भरून,” ती म्हणाली. “ही बाकीची राहिलीत.”